हजेरीपटातली कीर्द

सुगी सरली आणि घोटीच्या भातगिरण्या सुरू झाल्या की भात घेऊन आलेला शेतकरी सहसा काट्यापासून हलत नाही. पोतं काट्यावर चढलं की तो आकडा बघतो. भरडून झालं की उतारा किती पडला, कणी किती निघाली, कोंडा कुणाचा, हे विचारून घेतो. गिरणीवाल्यावर त्याचा अविश्वास असतो असं नाही. माल आपला आहे, एवढंच त्याला पुरतं. मुंबई-आग्रा रस्ता आणि रेल्वे यांच्या काठाने वाढलेलं घोटी ही इगतपुरी तालुक्याच्या पावसाळी पट्ट्यातली भाताची पेठ, आणि ‘मापात पाप नको’ ही म्हण अशा पेठेत नुसती म्हण राहत नाही. याच पेठेच्या आसपासच्या शाळांतही रोज मोजमाप चालतं. तांदूळ मोजला जातो, पट मोजला जातो, त्यावरून अनुदान ठरतं. फक्त तिथे काट्याशेजारी मालाचा धनी उभा नसतो. शाळेचा पैसा सांभाळणाऱ्यांच्या व्यावसायिक नीतीचा प्रश्न या रिकाम्या जागेतून सुरू होतो. मुख्याध्यापक, लिपिक, संस्थेचा सचिव, लेखापाल असे त्यांचे हुद्दे वेगवेगळे असतील, पण काम एकच. आपल्याकडे या नीतीची चर्चा निघाली की डोनेशन, खोटी बिलं, टक्केवारी अशी तिजोरीजवळची पापं आठवतात. इतिहास मात्र वेगळीकडे बोट दाखवतो. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपल्या शाळांकडे पैसा येतो तो मुलाच्या नावावरून, म्हणून शाळेची खरी कीर्द हजेरीपटात असते आणि हिशेबनिसाच्या सचोटीची पहिली परीक्षाही तिथेच होते.

पंतोजींच्या शाळेत हा प्रश्न नव्हता. पोराला धुळाक्षरं आणि पाढे शिकवणाऱ्याला त्याच्याच घरून धान्य, शिधा किंवा चार पैसे मिळत. शिकवणं पसंत पडलं नाही तर शिधा थांबे. देणारा आणि पाहणारा एकच असल्यामुळे वहीची गरज नव्हती. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. ज्याच्या घरी द्यायला धान्य नव्हतं, किंवा ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याच्यासाठी ती शाळा नव्हतीच. पण तिच्यात एक गुण होता. पैसा आणि मूल यांच्यामध्ये तिसरा माणूस नव्हता.

तो तिसरा माणूस ब्रिटिश अमदानीत आला. 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं तत्त्व मांडलं आणि 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. गावोगावच्या शाळांसाठी पैसा हवा होता. तो 1863 पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवून काढला गेला. रस्त्यांबरोबर शाळांसाठीही असलेल्या या पट्टीला 1869 च्या कायद्याने रीतसर आधार मिळाला, आणि लोकांच्या तोंडी ‘लोकल फंड’ हा शब्द बसला. नाशिक हा स्वतंत्र जिल्हाही 1869 चाच. म्हणजे जिल्ह्याचा जन्म आणि शाळेसाठी रयतेकडून कायद्याने पैसा घेण्याची सुरुवात एकाच सालची. भातखाचराचा सारा भरणारा कुणबी किंवा महादेव कोळी आता शाळेचा पोशिंदा होता, पण त्याचा आणा त्याच्या गावच्या शाळेत पोचला की नाही, हे पाहण्याची सोय त्याला नव्हती.

ही फट महात्मा फुल्यांनी अचूक पकडली. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शिक्षणाचा पैसा कोण भरतो आणि तो कुणाच्या मुलांवर खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी थेट विचारला. भरणारा शेतकरी, आणि लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला, ही त्यांची तक्रार होती. हे निवेदन आपण सामाजिक न्यायाचा दस्तऐवज म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण ते महाराष्ट्रातल्या शालेय हिशेबनीतीचंही पहिलं मोठं प्रकरण आहे, हे सहसा लक्षात येत नाही. अमक्या कारकुनाने पैसे खाल्ले, असा फुल्यांचा आरोप नव्हता. सगळी बेरीज जुळते, पावत्या आहेत, खर्च मंजूर आहे, आणि तरीही ज्याच्या नावावर पैसा गोळा झाला त्याच्यापर्यंत तो जात नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. हिशेब बिनचूक असूनही अप्रामाणिक असू शकतो, ही जाण आजच्या बहुतेक लेखापरीक्षण अहवालांतही नसते.

त्याच काळात आणखी एक बी पेरलं गेलं. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळांना मुलांच्या परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत आली. मुंबई इलाख्याने शिक्षण संचालक अलेक्झांडर ग्रँट यांच्या काळात ती खासगी शाळांच्या अनुदानासाठी उचलली. इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार, पास झालेल्या डोक्यांमागे रुपये मोजणार. हेतू वाईट नव्हता. सरकारी पैशाच्या बदल्यात काहीतरी दिसलं पाहिजे, एवढीच अपेक्षा होती. पण या पद्धतीने मुलाचं नाव ही एक किंमत असलेली वस्तू बनवली. 1904 च्या शैक्षणिक ठरावात हिंदुस्थान सरकारने निकालावरच्या अनुदानाला नापसंती दाखवली आणि हळूहळू ते गेलं. डोकी मोजून पैसा देण्याची सवय मात्र गेली नाही. पुढच्या प्रत्येक योजनेत ती नवं नाव घेऊन परत आली.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग झाला. नाशिकला 1914 मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला आणि 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. बहुजनांच्या या संस्था वर्गणीवर, गावोगावच्या देणगीवर, मूठमूठ धान्यावर वाढल्या. पंतोजीच्या शाळेतली एक गोष्ट इथे मोठ्या प्रमाणावर परतली. देणारा पुन्हा माहितीचा झाला. ज्या बाईने पिठाच्या डब्यातून मूठभर धान्य काढून ठेवलं तिला बोर्डिंगातलं पोर ठाऊक होतं, आणि धान्य मागणाऱ्यालाही तिच्या दारात पुन्हा जायचं होतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले, ही गोष्ट आजही सांगितली जाते, कारण त्या पिढीची हिशेबनीती माणसांच्या वागण्यात दिसत होती. पण याच जागी तिची मर्यादाही होती. संस्थापकाची सचोटी वारसाहक्काने मिळत नाही. शाळा पाचाच्या पन्नास झाल्या, कर्मचारी हजारांवर गेले, जमिनी आणि इमारती आल्या, तेव्हा एका माणसाच्या शब्दावर चालणारा कारभार पुरेनासा झाला.

मग कायदा आला, आणि तो बहुतेक वेळा तिजोरीच्या बाजूने आला. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने संस्थांना हिशेब ठेवणं, ते तपासून घेणं आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेणं बंधनकारक केलं. चुकीचा किंवा बेकायदा खर्च दिसला तर तो अहवालात लिहिण्याची जबाबदारी लेखापरीक्षकावर टाकली. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि 1981 ची नियमावली यांनी शिक्षकाबरोबर लिपिकाचीही सेवा सुरक्षित केली. पगार वेतन पथकामार्फत बँकेत जमा होऊ लागल्यावर सही एका रकमेवर आणि हातात दुसरी, हा प्रकार अनुदानित शाळांपुरता तरी अवघड झाला. 1987 मध्ये कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी आली, 2011 मध्ये शुल्क नियमनाचा कायदा झाला. यातली प्रत्येक गोष्ट गरजेची होती. पण दाराला कडी-कोयंडा लावताना खिडकी उघडी राहिली, कारण तुकडी किती, शिक्षक किती, अनुदान किती, हे सारं पटसंख्येवरून ठरत होतं. काठावर असलेल्या तुकडीत चार नावं वाढली की शिक्षकाचं एक पद वाचतं. कीर्दीत खाडाखोड करावी लागत नाही, एकही खोटं व्हाउचर लागत नाही. जनरल रजिस्टरात नाव चढवायचं आणि रोजच्या हजेरीपटात ‘ह’ लिहायचा. पुढचा सगळा पैसा कायदेशीर वाटेने चालत येतो.

ही खिडकी किती मोठी होती हे 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत दिसलं. राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एका मुलाला दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली. मतदाराच्या बोटाला लागणारी शाई शाळकरी पोराच्या बोटाला लावण्याची वेळ राज्यावर आली, ही गोष्ट कुठल्याही आकड्यापेक्षा बोलकी आहे. पटावरची लाखो नावं वर्गात सापडली नाहीत. त्यातली सगळी बोगस नव्हती. कुणी आजारी होतं, कुणी बाजाराला गेलं होतं, कुणाचे आईबाप कामासाठी परगावी होते. पण बरीच नावं अशी होती की त्यांना देहच नव्हता. 2025 मध्ये नागपूर विभागात शिक्षकांच्या पगाराच्या शालार्थ प्रणालीतल्या बनावट शिक्षक ओळखक्रमांकांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा तोच धागा दुसऱ्या टोकाने दिसला. पूर्वी मुलांची नावं फुगत, आता संगणकात शिक्षकांची नावं घुसली. तिजोरीचं कुलूप शाबूत, आणि माल नावाच्या वाटेने बाहेर.

तांदळाच्या हिशेबात हे अगदी जवळून पाहता येतं. 1995 मध्ये शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं अन्न न देता महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई, आणि त्यासाठी 80 टक्के हजेरीची अट होती. हजेरीपटातल्या खुणेला तांदळाचं वजन आलं ते असं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर शाळेतच खिचडी शिजवून देण्याची पद्धत रुजली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे 150. पटावर साठ मुलं असलेली एखादी प्राथमिक शाळा धरू. पंचेचाळीस आली तर साडेचार किलो तांदूळ शिजायला हवा. वहीत साठ लिहिले तर दीड किलो शिल्लक पडतो. शाळेचे बावीस दिवस धरले तर महिन्याला तेहतीस किलो. दीड महिन्यात पन्नास किलोचं एक पोतं कुणाच्याही नजरेत न येता मोकळं होतं. गंमत अशी की रिकाम्या बारदानाचाही हिशेब शाळेला द्यावा लागतो. ते किती झालं, किती विकलं, पैसे कुठे भरले, हे सारं विचारलं जातं. गोणपाटाचा हिशेब काटेकोर, आणि त्यातला तांदूळ कुणाच्या ताटात पडला याची खात्री हजेरी घेणाऱ्याच्या मनावर. घोटीच्या पेठेत मापात पाप म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेतही ते पाप तेवढंच सोपं आहे, फक्त ते काट्यावर होत नाही, पेनाने होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो लिपिकाच्या बाजूने, आणि तो वजनदार आहे. लहान हुद्द्याच्या माणसाकडून नीतीची अपेक्षा का करायची? पट फुगवायचं ठरवतात संस्थाचालक, कारकून फक्त लिहितो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर कारकूनही नसतो. मुख्याध्यापकच शिकवतो, तांदूळ उतरवून घेतो, ऑनलाइन माहिती भरतो, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाबरोबरचं संयुक्त खातंही सांभाळतो. माध्यमिक शाळांत शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं रखडली. हे सगळं खरं. पण ‘फक्त लिहितो’ हे शब्द इतके हलके नाहीत. पटाचा पैसा लिहिण्यातूनच जन्मतो. अध्यक्षाच्या तोंडी हुकमाला वहीत उतरल्याशिवाय किंमत नाही, म्हणून लिहिणाऱ्याचा नकार हा या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक अडसर आहे. त्याला थोडं संरक्षणही आहे. 1977 च्या कायद्याने कायम कर्मचाऱ्याला बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. हे संरक्षण पुरेसं नाही, न्यायाला वेळ लागतो, घर पगारावर चालतं. तरी ते आहे. जे नाही ते व्यवसायाचं पाठबळ. अमेरिकेत शाळांचा आर्थिक कारभार पाहणाऱ्यांची संघटना 1910 पासून आहे, आणि प्रत्येक निर्णयात मुलांचं हित हे मूलभूत मूल्य मानावं, असं तिची आचारसंहिता सांगते. आपल्याकडे शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, पण त्यांची शक्ती पदं आणि वेतन यांच्या लढ्यात खर्ची पडली, आणि ते समजण्यासारखं आहे. आपल्या सभासदाने खोटी नोंद करायला नकार दिला तर संघटना त्याच्यामागे उभी राहील, असा ठराव मात्र पगारवाढीच्या मागणीइतकाच त्यांच्या कामाचा आहे. एकटा कारकून नाही म्हणू शकत नसेल, तर व्यवसायाने नाही म्हणावं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो करुणेतून येतो. आदिवासी पाड्यावरची शाळा पट कमी झाला म्हणून बंद होणार असेल, तर दहा नावं वाढवून ती वाचवणारा मुख्याध्यापक गुन्हेगार म्हणायचा का? हा प्रश्न घोटीच्या उंबऱ्यावरचा आहे. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या, भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या दरेवाडीच्या मुलांनी आपली शाळा बंद होऊ नये म्हणून नाशिकच्या जिल्हा परिषदेपर्यंत मोर्चा नेला. दप्तरं ठेवून घ्या आणि वळायला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. पटसंख्येचा निकष कागदावर सरळ दिसतो, पण दऱ्याखोऱ्यांत आणि पावसाच्या लोंढ्यात दोन किलोमीटरचं अंतर नकाशातल्या दोन किलोमीटरांसारखं नसतं. म्हणून निकष अन्यायाचा असेल तर त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण दरेवाडीच्या मुलांनी काय केलं हे नीट पाहावं. त्यांनी आपली संख्या वाढवून सांगितली नाही. आम्ही एवढेच आहोत आणि तरी आम्हाला शाळा हवी, असं ती खरी मुलं खऱ्या पायांनी चालत जाऊन सांगून आली. फुगवलेल्या पटाने शाळा एखादं वर्ष तगते, पण पडताळणीत ती उघडी पडली की थोड्या मुलांसाठीही शाळा हवी, या खऱ्या युक्तिवादाचीच पत जाते. शिवाय खोट्या नावाचा तांदूळ कुठेतरी जातो, आणि तो कुठे जातो हे एकदा न विचारायचं ठरलं की पुढचा प्रश्नही कुणी विचारत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. आता सगळं आधारशी जोडलेलं आहे, नीतीची जबाबदारी यंत्रावर सोपवा. यंत्राने बरंच काम केलं, यात शंका नाही. एका मुलाला दोन शाळांत दाखवणं अवघड झालं. पण शाळेतली शिक्षकपदं ठरवणाऱ्या संच मान्यतेसाठी आधार वैध असलेली मुलंच धरायची म्हटल्यावर उलटा प्रश्न उभा राहिला. जन्मनोंद नाही, नावाचं स्पेलिंग जुळत नाही, बोटांचे ठसे उमटत नाहीत, असं कातकरी किंवा ठाकर कुटुंबातलं पोर वर्गात बसलेलं असतं आणि हिशेबात नसतं. भातकापणी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, द्राक्षबागांवर कामाला जातात. त्या पोराला ‘ह’ लिहिणं खोटं, आणि नाव काढून टाकणंही खोटं. खरं लिहायचं तर गैरहजर लिहावं लागतं, कुठे गेलं ते शोधावं लागतं, शिक्षण हमी पत्रक देऊन पुढच्या शाळेला कळवावं लागतं. हे कष्टाचं काम आहे आणि त्याला कुठलंही बक्षीस नाही. यंत्राला नाव खरं की खोटं एवढंच कळतं. मूल कुठे आहे, हे माणसालाच विचारावं लागतं. पटाची सचोटी म्हणूनच दुहेरी आहे. नसलेलं मूल घालू नये आणि असलेलं मूल गाळू नये. फुल्यांची तक्रार या दुसऱ्या प्रकारची होती, आणि ती अजून जुनी झालेली नाही.

हा सगळा प्रवास एका वाक्यात मांडायचा तर पैसा देणारा शाळेपासून जितका लांब गेला तितकं वहीतलं नाव महाग होत गेलं, आणि ते नाव लिहिणाऱ्याची जबाबदारीही. कायद्याने दिलेली साधनं आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती बहुतांश पालकांचीच असते. 2005 चा माहिती अधिकार आहे. पण समितीची बैठक सह्यांपुरती झाली तर शिक्षण हक्काचा कायदाही बारदानाच्या हिशेबासारखा कोरडा राहतो. करायला हवं ते साधं आहे. आज हजर किती, तांदूळ किती काढला, हे दोन आकडे रोज दाराशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत, आणि आपल्या वाडीतली कुठली पोरं आज शाळेत गेली हे जिला घरबसल्या ठाऊक असतं, त्या आईला ते दाखवून द्यावेत. भातगिरणीत शेतकऱ्याला काट्याशेजारी कुणी बोलावून उभं करत नाही, तो आपणहून उभा राहतो, कारण पोतं आपलं आहे हे त्याला माहीत असतं. रोज हजेरी मांडणाऱ्याच्या डोक्यावर कुणी इन्स्पेक्टर नसला तरी चालेल. फळ्यावरचा आकडा चुकला तर ‘माझा पोरगा काल आलाच नव्हता’ असं म्हणणारी एक बाई दाराशी असली पाहिजे, आणि तिचं ऐकून पटावरचा ‘ह’ खोडण्याइतका तो लिहिणारा मोकळा असला पाहिजे.